लाल गुंडीचा कौल

माझं लग्न चामटोलीच्या आनंदाशी लावायचं की नाही हे एका वापरलेल्या लॅपटॉपला विचारायचं ठरलं, तेव्हा अख्ख्या घरात मला एकटीलाच माहीत होतं, की हा लॅपटॉप कधीही, कुणालाही, कशालाही नाही म्हणत नाही.

लॅपटॉपला कुणी लग्नाचं विचारतं का, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात विचारतात. त्याला कारण माझे वडील, आण्णा. आण्णा जगात कुठल्याही माणसाला घाबरत नसत. अंबरनाथच्या फॅक्टरीत मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटून ओव्हरटाइम मागणारा हा माणूस. पण घरी निर्णय घ्यायचा म्हटलं की त्यांची गाळण उडायची. आम्ही मूळचे राजापूरकडचे, आणि तिकडे माणूस ठरवत नाही, देव ठरवतो. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडची कळी पडली तर उजवा कौल, म्हणजे हो. डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नाही. काहीच पडलं नाही, तर पडेपर्यंत बसायचं. आण्णा नोकरीसाठी इकडे आले, बदलापूरच्या खरवईत बारा गुंठे जागा घेऊन राहिले, पण देव आणि गुरव राहिले गावाला. त्यामुळे आमच्याकडचे सगळे निर्णय मे महिन्यात एसटीनं गावी गेल्यावर घाऊक व्हायचे. एका मे महिन्यात माझं कॉमर्स, घरावरचे पत्रे आणि आईचं पोटाचं ऑपरेशन, तिन्ही एका दमात ठरली होती. तोवर आई पोट धरून बसली होती.

बी. कॉम. झाल्यावर मी अंबरनाथ पश्चिमेला विष्णुपंतांकडे कामाला लागले. विष्णुपंत म्हणजे फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. घरीच बसून छोट्या कारखान्यांची एस्टिमेटं आणि टेंडरं करून द्यायचे. मी त्यांना काका म्हणायची. त्यांचा मुलगा हेमचंद्र अमेरिकेत होता. अठ्ठ्याण्णव साली त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना, काळा, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा जाड, कुणाबरोबर तरी बापाला पाठवून दिला.

काकांचं आणि त्या यंत्राचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. कारण त्याला माउस नव्हता. माउसऐवजी कीबोर्डच्या मधोमध वाटाण्याएवढी एक लाल गुंडी होती. ती बोटानं ढकलली की पडद्यावरचा बाण त्या बाजूला जायचा. काकांनी ती गुंडी आधी उपटायचा प्रयत्न केला, मग रेडिओच्या बटणासारखी पिळली, मग माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.

"जोशांच्या लॅपटॉपला गोळा आहे. भाच्याच्याला बोट फिरवायची पाटी आहे," ते करवादले. "आणि आमच्या नशिबी हा वाटाणा! या अमेरिकन लोकांचं आपसात काही ठरलेलं नाही का?"

मला मात्र ती गुंडी आठवड्याभरात वश झाली. तिला ढोसायचं नसतं. बोट नुसतं टेकवायचं आणि जिकडे जायचं तिकडे किंचित भार द्यायचा. काकांनी दोनदा नमस्कार करून ते यंत्र माझ्या हवाली केलं. "तुलाच लखलाभ. घरी ने, घरी काम कर, सकाळी फ्लॉपी आणून दे." तेव्हापासून लॅपटॉप आमच्या खरवईच्या घरात, देवघरासमोरच्या स्टुलावर राहायला लागला. प्लग तिथेच एक होता, म्हणून. त्यात दुसरं काही नव्हतं, हे आधीच सांगते.

त्या गुंडीला एक खोड होती. यंत्र तापलं, की हात न लावता बाण उजवीकडे सरकायला लागायचा. अगदी सावकाश, गोगलगाईच्या गतीनं, पडद्याच्या कडेला जाऊन टेकायचा. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "झिजलंय ते. म्हातारं झालं की सगळ्यांचं असंच होतं. तू काम कर."

एका संध्याकाळी मी टायपिंग थांबवून चहा घेत होते. आण्णा शेजारी बसून स्वतःशीच बोलत होते. आमच्या जागेत बोअरिंग मारायचं त्यांच्या मनात होतं, आणि मे महिना लांब होता.

"मारावी काय बोरिंग?" आण्णा छताकडे बघत म्हणाले. "लागंल काय पाणी? काय कळत नाय बाबा."

नेमका त्याच क्षणी बाण हलला आणि संथपणे उजवीकडे निघाला. आण्णांची नजर पडद्यावर गेली. ते आधी बाणाकडे बघत राहिले, मग माझ्या दोन्ही हातांकडे. माझ्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात बशी.

"वेणू, कोनी हलिवला?"

"कुणीच नाही."

हे खरंच होतं. मी पुढे सांगणार होते, की यंत्र जुनं आहे, गुंडी झिजली आहे. पण तोवर आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, आणि टोपी काढलेल्या आण्णांशी कुणी बोलू शकत नसे. चार दिवसांत बोअरिंगची गाडी आली आणि पाणी लागलं. उल्हास नदी हाकेच्या अंतरावर. खरवईत चमच्यानं खणलं तरी पाणी लागतं. पण हे कुणी ऐकेल तर शपथ.

मग काय विचारता! लॅपटॉपच्या झाकणाला हळद-कुंकू लागलं. एक शंका मात्र निघाली. गावाला देवाचा उजवा हात तो उजवा; देव आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणजे तो आपला डावा. मग या यंत्राचा उजवा कुठला? दोन दिवस यावर चर्चा झाली. शेवटी आण्णांनी निकाल दिला, की यंत्राची अक्षरं आपल्या बाजूनं सुलट दिसतात, त्या अर्थी ते आपल्याच बाजूनं बसलेलं आहे, म्हणून आपला उजवा तोच त्याचा उजवा. बोअरिंगचं पाणी गोड लागल्यावर त्यावर कोण वाद घालणार?

आळीतली माणसं यायला लागली. आण्णा गाऱ्हाणं घालायचे, तेही गावच्या चालीवर. "बा देवा म्हाराजा, परमुलखातून आलास, तारेतून बोलतोस, ह्या तुझ्या लेकराच्या मनात जो काय इचार आलाय..." आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं संपेपर्यंत पडद्यावर नवा टॉवेल टाकलेला असायचा. टॉवेल काढला की सगळे पुढे झुकायचे, आणि बाण उजवीकडे निघायचा. बबनने रिक्षा घ्यावी काय? घ्यावी. मोरीला नवी फरशी बसवावी काय? बसवावी. शेजारच्या भिमाबाईंनी विचारलं, म्हैस गाभण राहील काय. राहील, म्हणाला बाण. म्हैस राहिली नाही. मी मनात म्हटलं, चला, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. पण भिमाबाई ठाम होत्या. "देवानं व्हय म्हटलान. याच वर्षी म्हटलान काय?"

इतकं होकार देणारं दैवत पंचक्रोशीत दुसरं नव्हतं, आणि मी गप्प बसले, कारण माझंही भलं चाललं होतं. वेणूनं संध्याकाळी उशिरापर्यंत अंबरनाथला थांबावं काय? थांबावं. उल्हासनगरला कॉम्प्युटरचा मोठा कोर्स आहे, तो करावा काय? करावा. उल्हासनगरच्या त्या क्लासमध्ये सिंधी पोरींच्या बरोबरीनं बसून मी हिशेबाचं पॅकेज शिकत होते. मला ते फार आवडायचं. आकडे आपापल्या खान्यात बसून खाली बेरीज बरोबर आली, की मला वाटायचं, हे मी केलं. घरात मी कुणाची तरी मुलगी, उद्या कुणाची तरी सून. तिथे मी वेणू होते.

आणि मग कोंडाजी आले.

कोंडाजी आमच्याच तालुक्यातले, चामटोलीत स्थायिक झालेले. आण्णांचे फॅक्टरीतले जुने सोबती. त्यांचा मुलगा आनंदा टेम्पो चालवायचा, घरी चार म्हशी होत्या. मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? बघायला आला तेव्हा सगळा वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत होता. त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"म्हशीचं दूध काढता येतं का?"

"शिकले तर येईल," मी म्हटलं. ते सगळ्यांनी होकारात धरलं.

जाता जाता कोंडाजींनी जाहीर केलं, "आमच्यात सुनेला नोकरी-बिकरी कराय लागत न्हाय हां. घरातच इतकं काम हाय, की बाहेर जायाला सवडच गावत न्हाय." हे त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, आणि आईनंही कौतुकानंच ऐकलं.

रात्री भांडी घासताना मी आईला म्हटलं, "मला नको हे स्थळ."

माझी आई राजाबाई एका वाक्यात माणसाला गार करायची. ती म्हणाली, "तुला कोण इचारतंय? देवाला इचारू."

मी तशी तोंडाची फाटकी. बसच्या कंडक्टरला, क्लासच्या मास्तरला, काकांनासुद्धा फाडकन उत्तर देणारी. पण आण्णांसमोर स्वतःच्या लग्नाचं बोलायचं म्हटलं, की माझी जीभ टाळूला चिकटायची. बापाला असलं सांगायची आमच्यात रीतच नव्हती. देवाला विचारतील म्हणावं, तर देव कोण ते मला चांगलं ठाऊक होतं. गरम झालं की उजवीकडे जाणारी एक झिजलेली गुंडी! जिच्या जिवावर मी कोर्स केला, तीच आता मला चामटोलीला म्हशींखाली बसवणार होती. मला स्वतःचाच राग आला, आण्णांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या लाल वाटाण्याचा आला.

आण्णांनी कौलाला चांगला दिवस बघायला घेतला. आषाढ नको, अमावास्या नको, कोंडाजींची फॅक्टरीत पहिली पाळी असेल तो दिवस नको. तेवढाच वेळ मिळतोय म्हणून मी निश्चिंत होते. पण त्या आठवड्यात काकांनी मला लॅपटॉप घेऊन अंबरनाथला बोलावलं. हेमचंद्रनं मोडेमचं कार्ड पाठवलं होतं. व्हिजिटिंग कार्डाएवढं, पण बिस्किटाइतकं जाड. लॅपटॉपच्या कडेला एक फट असते, तिच्यावर छोटी झडप असते. त्या फटीत हे कार्ड सारायचं, दुसऱ्या टोकाला टेलिफोनची वायर लावायची, की थेट अमेरिकेशी पत्रव्यवहार. काकांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

कार्ड अर्धं आत गेलं आणि अडलं.

"अमेरिकेचं कार्ड, अमेरिकेचाच लॅपटॉप, आणि जात कसं नाही?" काकांनी जोर लावला. आतून काहीतरी कुरकुरलं. त्यांनी कार्ड बाहेर काढलं, टॉर्च आणला, काकूंचा भुवयांचा चिमटा आणला, आणि फटीत घालून एकेक गोष्ट बाहेर काढून टेबलावर मांडायला लागले. कुंकू लावलेल्या तांदळाच्या अक्षता. बेलाचं वाळलेलं पान. उदबत्तीची काडी. झेंडूच्या पाकळ्या. आमच्या आळीतल्या लोकांना ती झडप दिसली होती. जिथे झडप असते तिथे काहीतरी वाहायचं असतं, असं त्यांनी आपल्या बुद्धीनं धरलं होतं.

"वेणू, हे काय आहे?"

"तांदूळ, काका."

"ते दिसतंय मला. यंत्राच्या पोटात कशाला?"

मी सगळं सांगितलं. बोअरिंगपासून म्हशीपर्यंत. काका ऐकता ऐकता लाल होत गेले.

"अगं, मी आयुष्यभर बॉयलर सांभाळले! दर खंडेनवमीला स्वतः हार घातला बॉयलरला, नारळ फोडला. पण बॉयलरला प्रश्न नाही विचारले कधी!"

फट साफ झाल्यावर कार्ड गपकन बसलं आणि लॅपटॉप टुंग करून वाजला. त्यानं काकांचा राग थोडा उतरला, पण निर्णय बदलला नाही. सोमवारपासून लॅपटॉप अंबरनाथलाच राहील. कार्ड ओढून काढून त्यांनी कपाटात ठेवलं, आणि उल्हासनगरहून आणलेला एक साधा माउस माझ्या हातावर ठेवला.

"तोवर हा लाव. माउस जोडला की ती गुंडी बंद पडते. बघू मग कोण बोलतं."

घरी येऊन मी सांगितलं, की लॅपटॉप सोमवारी जाणार. माझी समजूत, की आता विषय मिटला. आण्णा ताडकन उठले.

"मंग रैवारीच उरकू. कोंडाजीला निरोप धाडा."

म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी माउसवर भिस्त ठेवली. शुक्रवारी आण्णांना बारीकसं काहीतरी विचारायचं होतं, भेंडी लावावी काय असं. मी गुपचूप मागच्या बाजूनं माउस जोडून स्टुलाखाली लपवून ठेवला. गाऱ्हाणं झालं, टॉवेल निघाला. बाण जागचा हलेना. मी मनात हुश्श केलं. देव बोलत नाही म्हटल्यावर लग्न राहिलंच की! पण आण्णांनी मांडी बदलली आणि भिंतीला टेकून बसले. "इचार करतोय देव. घाई नाय." आईनं जेवायला हाक मारली, ते उठले नाहीत. ताट तिथेच आणलं, त्यांनी जेवण केलं, नजर पडद्यावर. भेंडीसाठी हा माणूस जर असा बसतो, तर मुलीच्या लग्नासाठी चातुर्मास बसेल, आणि कोंडाजींनाही बसवेल. मला मुकाट्यानं माउस काढावा लागला. भेंडी लावायचं ठरलं.

शनिवारी दुपारी मी काकांचं शेवटचं एस्टिमेट पुरं करत होते. कागद इतका रुंद, की शेवटचे रकाने बघायला बाण उजव्या कडेला रेटून धरावा लागत होता. मी कितीतरी वेळ गुंडी उजवीकडे दाबून बसले, आणि मग कंटाळून बोट उचललं. बाण डावीकडे पळाला. आपण होऊन! मी पुन्हा तसंच केलं. पुन्हा डावीकडे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुंडी एका बाजूला बराच वेळ दाबून धरली, की तिला तीच आपली सरळ उभी राहायची जागा वाटायला लागते. सोडली की ती बापडी उलट दिशेला जाते. नाही म्हणून घ्यायचं असेल, तर आधी भरपूर हो म्हणायला लावायचं. मी त्या गुंडीचा मुका घ्यायचीच काय ती राहिले.

रविवारी कोंडाजी आले, आनंदा आला, भिमाबाई तर पहाटेपासूनच होत्या. आईनं साखर वाटीत काढून ठेवली होती. मी नेहमीप्रमाणे यंत्र सुरू करायला पुढे बसले. पडद्यावर टॉवेल पडला, आणि कीबोर्ड पुसण्याच्या निमित्तानं मी ओढणीचं टोक त्यावर टाकलं. ओढणीखाली माझं बोट गुंडीवर होतं, आणि गुंडी उजवीकडे दाबलेली.

आयुष्यात पहिल्यांदा मी आण्णांचं गाऱ्हाणं लांबावं म्हणून देवाचा धावा केला. ते लांबलंही. त्यांनी परदेशच्या देवाला आमची सगळी वंशावळ ऐकवली. कोंडाजींच्या म्हशी एकेक करून सांगितल्या. "माझी एकुलती एक लेक, तळहाताच्या फोडावानी वाढवली, तिचा जल्म कुनाच्या हातात द्येवू, तू सांग म्हाराजा," असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. ते ऐकून मला भडभडून आलं. पण बोट मी सोडलं नाही.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी ओढणीसकट हात काढला. आण्णांनी टॉवेल उचलला.

बाण उजव्या कडेला टेकलेला होता. कोंडाजींनी आनंदाच्या पाठीत थाप मारली. आणि मग बाण निघाला. डावीकडे. त्या घरात डावा कौल कधी कुणी पाहिलाच नव्हता. बाणानं पडद्याचा मध्य ओलांडला, आई "अगो बाय" म्हणाली, भिमाबाईंनी कानाला हात लावले. डावी कड आली, अगदी बोटभर उरली.

बाण थांबला. जरासा थरथरला. मग वळला आणि उजवीकडे चालू लागला.

यंत्र तापलेलं होतं ना! दाबून धरल्याचा गुण संपला आणि जुनी खोड वर आली. बाण शांतपणे, रमतगमत, पडद्याची सगळी रुंदी चालून उजव्या कडेला जाऊन टेकला, आणि तिथेच राहिला. आण्णांच्या कपाळावर आठी होती. असा कौल गावच्या गुरवानंही कधी पाहिला नसेल.

कोंडाजींनी मांडीवर हात मारला. "आरं, सरळ हाय! आधी म्हायेरासाठी रडंल, मंग सासरी रमंल! समदं बैजवार सांगितलान देवानं!"

घरभर एकदम आनंद झाला. भिमाबाई डोळे पुसायला लागल्या. आईनं साखरेची वाटी उचलली. आण्णांच्या कपाळावरची आठी गेली आणि ते माझ्याकडे बघून हसले, इतकं सुटल्यासारखं, की मला त्यांची दया आली. बिचाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. ते माझ्या डोक्यावर आलं होतं, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. आनंदाच्या हातावर साखर पडली, कोंडाजींच्या हातावर पडली, आणि आई माझ्याकडे वळली.

माझं डोकंच फिरलं. मी उठून स्टुलापाशी गेले, सगळ्यांच्या देखत खाली बसले, आणि उघड्या बोटानं ती लाल गुंडी डावीकडे दाबली. बाण सरसर डावीकडे गेला आणि कडेला आपटला. मी बोट काढलं नाही.

"काय करतंस?" आण्णा म्हणाले.

"बाण डावीकडे नेतेय."

"देवाच्या कौलाला हात लावतंस?"

"देव नाही तो, आण्णा. यंत्र जुनं झालंय, म्हणून ते उजवीकडे जातं. ते तुमच्या बोअरिंगला हो म्हणालं, म्हशीला हो म्हणालं, उद्या घर जाळू काय विचारलंत तरी हो म्हणेल. हे डावीकडे जे गेलंय ना, ते मी नेलंय. मला हे लग्न करायचं नाही."

"वेणू!" आई ओरडली. वाटीतली साखर खाली सांडली.

कोंडाजी उभे राहिले. "ह्यो कौल न्हाय. ह्यो हट्ट हाय पोरीचा."

"हो, हट्टच आहे," मी म्हटलं. ती गुंडी फार वेळ दाबली की टोचते. मला वाटत होतं, बोट उचललं तर सगळं गेलं. म्हणून मी आणखी जोरानं दाबलं. आता आण्णा थोबाडीत देतील, किंवा टोपी काढून परत गाऱ्हाणं सुरू करतील. दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

आण्णा माझ्यासमोर येऊन बसले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्या बोटाकडे बघत होते. नखाखालचं रक्त सरून ते पांढरंफटक पडलं होतं.

"बाय," ते म्हणाले, "बोट काढ. दुखंल."

"नाही काढणार."

"काढ गो. कळलं मला."

मग ते कोंडाजींकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. माझ्या वडलांना मी एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कोंडाजी, पोरीच्या मनात नाय. मी तिला इचारलाच नव्हता. माफी करा."

मी बोट उचललं. इतका वेळ डावीकडे दाबून धरलेली गुंडी सुटली, तसा बाण डावी कड सोडून तरातरा उजवीकडे धावला आणि शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहिला. एवढा जोरदार उजवा कौल त्यानं कधी दिला नव्हता. पण बघायला कुणी नव्हतं. कोंडाजी चपला शोधत होते, आई साखर गोळा करत होती, आणि आण्णा माझं बोट आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत बसले होते.